मेणाची उशी

१

"वहिनी, आईची उशी गेली!" एवढंच चिंगी फोनवर म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली.

वहिनी तेव्हा सकाळचा चहा घेत होती. समोर नवरा बसला होता, नेहमीसारखी करंगळी ताठ बाहेर काढून कप धरलेला. लहानपणी झाडावरून पडून मोडलेली ती करंगळी पुन्हा कधी वळलीच नाही. लग्न झाल्यापासून वहिनी तिच्यावरून त्याला साहेब म्हणून चिडवत आली होती.

"चिंगीच्या स्टुडिओत काहीतरी झालंय. चला, येताय?"

"तू हो पुढे. मला आज जरा कामं आहेत," तो कपात बघत म्हणाला. वहिनी तोवर चपला घालून जिन्यात पोचलीसुद्धा होती.

चिंगी म्हणजे तिची धाकटी नणंद. बाहेर तिचं केवढं नाव! वर्तमानपत्रात फोटो काय, देशोदेशींची बोलावणी काय. घरात मात्र पन्नाशी उलटली तरी ती चिंगीच. ती चित्रं काढत नाही, पुतळे घडवत नाही. ती अख्ख्या खोल्या उभ्या करते. लोक आत शिरतात, हिंडतात आणि बाहेर येताना गप्प होऊन येतात. जाणकार त्याला इन्स्टॉलेशन म्हणतात. वहिनी त्याला 'चिंगीचा पसारा' म्हणायची, पण चिंगी जवळपास नसेल तेव्हाच.

आणि वहिनी कोण? तर आग लागली, गोदाम भिजलं, यंत्र फुटलं की विमा कंपनी जिला पाहणीला पाठवते ती. राखेत उभं राहून कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय ते ओळखायचं, हा तिचा पोटापाण्याचा धंदा. त्यामुळे चिंगीने पोलिसांच्या आधी वहिनीला बोलावलं यात नवल काही नव्हतं.

स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं गाड्या दुरुस्त करायचं गॅरेज. वर उंच पत्रा, खाली तेलाच्या डागांची फरशी, आणि मधोमध सासूबाईंची खोली. सगळी मेणाची! मेणाचं कपाट, मेणाची खुर्ची, मेणाचा चष्मा, पलंगाखाली मेणाच्या चपला. वहिनी हे पहिल्यांदाच बघत होती. चिंगी काम पुरं होईस्तोवर घरच्यांना काही दाखवत नसे. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि इथे त्यांच्या चपला अजून त्यांची वाट बघत असल्यासारख्या जोडीने ठेवलेल्या.

पलंगाच्या उशाशी मात्र नुसतं मेणाचं थारोळं होतं. त्याच्यावर उंच दांड्याचा एक दिवा वाकलेला, चालूच.

"वितळली गं वहिनी! सकाळी कुलूप काढून बघते तर ही अशी!" चिंगीने दिव्याकडे बोट दाखवलं. "ह्या दिव्याने घात केला. प्रदर्शन तोंडावर आलंय. उशीच नाही तर मी दाखवू काय? सगळं काम त्या उशीसाठीच होतं."

"दुसरी नाही का करता येत?"

"नाही ना! साचा फोडल्याशिवाय आतली वस्तू बाहेर निघत नाही. एक साचा, एक उशी. आणि ती पुन्हा कुठून आणू? आई गेली त्या सकाळची होती ती."

वहिनीला ती सकाळ ऐकून माहीत होती. सासूबाई गेल्या त्या रात्री वहिनी परगावी एका जळालेल्या गिरणीत कामाला अडकलेली. ती परतण्याआधी चिंगी पोचली होती, आणि पोचल्या पोचल्या बाईने काय करावं? आई पलंगावर तशीच असताना ही बादलीत प्लास्टर कालवायला बसली! खुर्चीवर पडलेल्या आईच्या उशीला हातही न लावता तिने वरून प्लास्टर ओतलं. जमलेले नातेवाईक हबकून गेले होते. दगडासारखी झालेली जुनी कापसाची उशी ती, एकदा दाबली की दाबलेलीच राहायची. सासूबाईंना तीच लागायची, दुसरी चालत नसे.

वहिनी पलंगाशी गुडघे टेकून बसली. थारोळ्याच्या कडेखाली तिने नख घातलं. दुधावरची साय निघावी तसं ते सगळंच्या सगळं अलगद निघून हातात आलं. खालच्या मेणाच्या गादीवरची एकूण एक सुरकुती शाबूत होती.

"चिंगे," वहिनी सावकाश म्हणाली, "उशी वितळली नाहीये. तुझी उशी कोणीतरी उचलून नेली आहे."

२

"उचलून? मग हे मेण कसलं?" चिंगीने विचारलं.

"अगं, उशी वितळण्याइतकी उष्णता इथे झाली असती तर खालची गादी काय गार राहिली असती? तीही मेणाचीच की. हे मेण दुसरीकडे वितळवलं, पार कोमट होऊ दिलं आणि इथे आणून ओतलं. दिवा आपला डोळ्यात धूळ फेकायला."

कोपऱ्यात मेण वितळवायचं विजेचं पातेलं होतं. वहिनीने झाकण उचललं. तळाशी खरवडल्याच्या खुणा होत्या. दाराचं कुलूप धड, खिडक्यांच्या कड्या आतून लावलेल्या. म्हणजे आलेला माणूस किल्लीने आला होता आणि किल्लीनेच गेला होता.

तेवढ्यात दिवेवाला आला. प्रदर्शनाचं दिव्यांचं सगळं काम त्याच्याकडे होतं. बातमी कळताच तो आधी पांढराफटक पडला आणि मग जो भडकला!

"माझ्या दिव्यावर घेता होय? हात लावा, हात लावून बघा!" त्याने वहिनीचा तळहात धरून सरळ दिव्याच्या काचेवर टेकवला. काच जेमतेम कोमट होती. "मेणाचं काम आहे हे मला काय ठाऊक नाही? मुद्दाम थंड दिवे आणलेत. ह्याने लोणीसुद्धा पातळ व्हायचं नाही."

वहिनीने मनातल्या मनात त्याच्यावर फुली मारली. ज्याला दिवा थंड आहे हे माहीत, तो दिव्याचा देखावा कशाला करेल?

मग साचेवाली. चिंगीबरोबर इतकी वर्षं साचे काढणारी, चिंगीच्याच वयाची, रोखठोक बाई. गेल्याच आठवड्यात दोघींची जोरात खडाजंगी झाली होती. प्रदर्शनात आपलंही नाव लागावं असं साचेवालीचं म्हणणं होतं.

"भांडले, नाही कशाला म्हणू?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पण मी चोरायची तर अशी चोरीन? द्या बघू इकडे तो तुकडा." तिने थारोळ्याचा एक काप कडकन मोडला आणि नाकासमोर धरला. "ह्यात कापड कुठाय?"

"कसलं कापड?"

"आम्ही नुसतं मेण ओतत नाही. नुसतं मेण तडकतं. ताई आईच्या जुन्या चादरींच्या पट्ट्या आत लावतात. कपाट घ्या, चष्मा घ्या, प्रत्येकात कापड आहे. उशी खरंच वितळली असती तर पलंगावर चिंध्यांचा ढीग दिसला असता. मी असते तर चिंध्या टाकल्या असत्या, आणि तुम्हाला शंकासुद्धा आली नसती."

तिचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. वहिनीला ती बाई एकदम आवडली.

राहिली क्युरेटरबाई. हे सगळं प्रदर्शन भरवणारी. ती गॉगल डोक्यावर चढवून धावतपळत आली आणि रिकाम्या उशाकडे बघून मटकन खाली बसली. प्रसिद्धीसाठी हिनेच काही बनाव केला असेल का, असं वहिनीच्या मनात येऊन गेलं. पण चादरींच्या कापडावर तर तिने स्वतःच लेख लिहून छापायला दिला होता. म्हणजे कापडाचं तिलाही ठाऊक.

"छे, छे, छे! सगळं त्या उशीवर उभं होतं हो," क्युरेटरबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "नावसुद्धा तिच्यावरूनच ठेवलंय, 'शेवटची मूठ'."

"मूठ? कसली मूठ?" वहिनीने विचारलं.

"तुम्ही उशी पाहिली नव्हती का? दोन्ही कडांना बोटं रुतल्याच्या खुणा होत्या. एकेक बोट मोजून घ्या, इतक्या स्पष्ट. आई जाताना उशी घट्ट धरून गेल्या ना. बघितलं की पोटात कालवायचं अगदी."

वहिनीला मात्र वेगळंच काहीतरी खटकलं. तिने चिंगीकडे पाहिलं. चिंगी डोळे पुसत मान डोलवत होती. ह्या पोरीला माहीतच नव्हतं! माहीत असणार तरी कसं? शेवटच्या वर्षात ती कामात बुडालेली, फोनवरूनच काय ती आईला भेटायची.

सासूबाईंना संधिवात होता. बोटं लाकडासारखी ताठ झालेली. त्यांचं जेवण वहिनी भरवायची, केस वहिनी विंचरायची. ती बाई चमचासुद्धा धरू शकत नव्हती, मग उशी कुठली मुठीत धरणार?

३

वहिनी कोपऱ्यातली लोखंडी खुर्ची ओढून बसली.

त्या दगडी उशीत कोणाची तरी बोटं रुतली होती. दोन्ही बाजूंनी, गच्च. आणि ती उशी सासूबाईंच्या डोक्याखाली नव्हती, खुर्चीवर पडलेली होती. उशी दोन्ही हातांनी गच्च धरून माणूस आजाऱ्यापाशी कशासाठी उभा राहतो? पुढचा विचार मनात आला तसा वहिनीने तो झटकून टाकला, पण तो काही जाईना.

"चिंगे, काल इथे कोण कोण होतं?"

"आम्ही तिघीच. आणि दादा आला होता दुपारी."

"कोण?"

"दादा गं. खोकी उचलायला बोलावलं होतं मी त्याला. तो बोलला नाही तुला?"

नाही बोलला. चकार शब्द काढला नव्हता. संध्याकाळी उशिरा घरी आला आणि म्हणाला, जरा पाय मोकळे करून आलो.

"उशीसमोर बराच वेळ उभे होते," साचेवाली म्हणाली. "मी म्हटलं, बघा, आईंची मूठ. तर मलाच विचारतात, हे सगळ्या लोकांना दाखवणार? घामाने नुसते निथळत होते. मला वाटलं, आईची आठवण आली असेल."

"स्टुडिओच्या किल्ल्या किती जणांकडे आहेत?" वहिनीने विचारलं.

"एक माझ्याकडे, एक हिच्याकडे," चिंगी साचेवालीकडे बोट करत म्हणाली. "आणि एक तुमच्याकडेच नाही का? तुमच्या दाराशी खिळ्याला अडकवलेली असते ती."

नाही, नाही, नाही! वहिनी ताडकन उठली. ती किल्ली कोणीही काढून नेऊ शकतं. घरी माणसं येतात, जातात. नुसत्या किल्लीवरून माणसाला चोर ठरवायचं असतं तर तिने आजवर निम्म्या गावाला चोर ठरवलं असतं. आणि तिचा नवरा? झुरळ मारायला जो बायकोला हाक मारतो, तो? तिला पुरावा हवा होता, आणि तो आपल्या माणसाच्या विरुद्धच निघावा अशी तिची मुळीच इच्छा नव्हती.

"तो साचा फोडला म्हणालीस. त्याचे तुकडे कुठे आहेत?"

"मागच्या पिंपात असतील," साचेवाली म्हणाली. "भराव घालायला लागतात म्हणून मी टाकत नाही. पण ते घेऊन काय करणार?"

वहिनी उत्तर न देता मागे गेली. पिंप आडवं करून तिने प्लास्टरचे तुकडे फरशीवर ओतले आणि झपाटल्यासारखी ती ते उलटेपालटे करू लागली. पांढरी भुकटी उडून केसांत बसली. साचेवालीही शेजारी बसून तुकडे लावायला लागली. "ही वरची बाजू. हा कोपरा. थांबा, ही बघा उजवी कड," ती म्हणाली.

तिने तो तुकडा उजेडात धरला.

उशीत जिथे खड्डा, तिथे साच्यात उंचवटा. बोटांनी उशीत केलेल्या खड्ड्यांमध्ये प्लास्टर शिरून बसलं होतं. त्यामुळे त्या तुकड्यातून खुणा नाही, अख्खी बोटंच वर आली होती. पुरुषाची, जाडजूड, पेरं आणि नखांसकट. तीन बोटं आकडीसारखी वळून आत घुसलेली. चौथं एकटंच बाजूला, ताठ, सरळ, न वळलेलं.

त्या करंगळीत वहिनीने लग्नात आपली करंगळी अडकवली होती. आंधळी झाली असती तरी तिने ती ओळखली असती. तिने तुकडा पदराखाली घेतला आणि कोणाला काही न सांगता बाहेर पडली. चिंगी मागून हाका मारत होती. तिने वळून पाहिलं नाही.

४

घरी नवरा सासूबाईंच्या खोलीत होता. ती खोली वर्षभर बंदच असायची. खऱ्या पलंगावर, खऱ्या गादीवर, पिवळसर मेणाची उशी ठेवलेली होती आणि तो तिच्या शेजारी बसला होता. पडदे ओढून घेतलेले, पंखा भरधाव सोडलेला. मेण मऊ पडू नये म्हणून असावं.

वहिनीने पदराखालचा तुकडा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. त्याने आधी तो ओळखला नाही. मग ओळखला, आणि त्याचा चेहरा एकदम म्हाताऱ्या माणसाचा झाला.

"अहो, खरं सांगा मला," वहिनी म्हणाली. "तुम्ही आईंना... तुम्ही..."

"नाही!" तो जवळजवळ ओरडलाच. "नाही गं. शपथ घेऊन सांगतो. पण सांगितलं असतं तर कोणी विश्वास ठेवला असता? तू तरी ठेवतेस का?"

आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचून वहिनीने पोट भरलं होतं, आणि ह्या एका चेहऱ्यावरचं आज तिला काही वाचता येत नव्हतं.

"तिनेच बोलावलं मला," तो खाली बघत बोलू लागला. "तू गावाला गेलेलीस. तिला कळा सोसत नव्हत्या. म्हणाली, आता पुरे झालं, ही उशी काढ आणि माझ्या तोंडावर धर. मी म्हटलं, काहीतरीच काय बोलतेस! तर म्हणाली, इतकंही करणार नाहीस का आईसाठी? मी काढली गं उशी. तिच्या डोक्याखालून काढली. दोन्ही हातांनी धरून उभा राहिलो. किती वेळ उभा होतो देव जाणे. ती टक लावून माझ्याकडे बघत होती. आणि मला नाही जमलं. हात खालीच जाईनात. उशी खुर्चीवर टाकली आणि पळालो मी. बाहेर येऊन बसलो कानात बोटं घालून."

"मग?"

"पहाटे आत गेलो, तर संपलेलं होतं सगळं. आणि उशी अजून खुर्चीवर." त्याला हुंदका आवरेना. "निदान डोक्याखाली तरी परत ठेवायची होती मी. तेवढंही सुचलं नाही. मान मागे पडून, तशीच गेली ती. माझ्यामुळे. आणि काल बघतो तर ती उशी मांडून ठेवलेली, वर दिवे, आणि सगळे म्हणतायत आईची मूठ! लोक येऊन हळहळणार माझ्या बोटांवर. मला नाही बघवलं."

वहिनी भिंतीला टेकली. त्याने नाही केलं, ह्यावर तिचा विश्वास बसला होता. पण तिच्या लाडक्या सासूने पोटच्या पोराकडे हे मागावं आणि वर्षभर ह्या माणसाने ते एकट्याने पोटात ठेवून तिच्यासमोर रोज चहा प्यावा, हे काही तिच्या गळी उतरत नव्हतं.

दारात काहीतरी वाजलं. चिंगी उभी होती. वहिनीच्या मागोमागच आली असणार. चेहऱ्यावरून तिने सगळं ऐकल्याचं दिसत होतं.

"चिंगे," दादा चाचरत उठला, "ने ही तुझी उशी. मांड. मला काय व्हायचं ते होईल."

चिंगी आत आली. तिने दादाचा उजवा हात धरून मेणाच्या उशीच्या कडेशी नेला. बोटं खड्ड्यांत बसली, करंगळी आपल्या जागी सरळ राहिली. तिने तो हात बराच वेळ तसाच दाबून धरला.

"पलंगावर नाही मांडता येणार आता," ती अखेर म्हणाली. "खुर्चीवर होती, खुर्चीवरच मांडते. आणि ते मूठबिठ नाव काढून टाकते. कुणाला काही सांगायची गरज नाही." मग आवाज एकदम बारीक झाला. "दादा, ती आणखी काही म्हणाली का रे? तू उशी धरून उभा होतास तेव्हा?"

दादाने हात सोडवून घेतला.

"काय म्हणाली?"

"जाऊ दे ना."

"दादा!"

"म्हणाली," त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, "चिंगी असती तर तिने केलं असतं."

वहिनीला वाटलं, आता ही पोर कोसळणार. ती धरायला पुढे झाली. पण चिंगी उभीच राहिली, रडलीसुद्धा नाही.

"तिने आधी मलाच विचारलं होतं," चिंगी म्हणाली. "फोनवर. आणि मी हो म्हणाले होते रे. येते आणि करते, म्हणाले. शब्द दिला होता. म्हणून तर मी आले नाही. काम संपत नाहीये, काम संपत नाहीये, असं सांगून टाळत राहिले. ती माझी वाट बघून बघून थकली, तेव्हा तिने तुला हाक मारली."

पंखा गरगरत होता. वहिनीचा हात चिंगीच्या खांद्यापर्यंत पोचून तसाच हवेत राहिला. ह्या दोघांना तिने इतकी वर्षं आपल्या हाताने जेवायला वाढलं होतं, आणि आज तिला दोघंही अनोळखी वाटत होती.

दादा मागे वळला. मग पलंगावर बसला, थोडा सरकला आणि त्याने शेजारची जागा हाताने साफ केली.

"बस इथे," तो म्हणाला. "काय काय म्हणाली फोनवर, सगळं सांग मला."